माळावरचे दगड

सोम., ६ फेब्रु. १९८४. नांदे
पाया निम्मा खणून झाला. गुरुवारी विद्यापीठाची समिती येणार, आमच्या कॉलेजच्या नव्या शाखेच्या इमारतीचं काम दिसायला हवं. मान्यतेआधीच साठ मुलं घेऊन ठेवलीत, पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. दुपारी कामावरची सोनाबाई, इथल्याच बौद्धवाडीतली, पाटी खाली ठेवून जवळ आली. "साहेब, बाभळीच्या अंगाला खनू नका. माजी पोर हाय तितं." नऊ दिवसांची गेलेली. वाडीची तान्ही पोरं तिथंच पुरतात म्हणे, वर एकेक दगड ठेवून. बघतो म्हणालो.

मंगळ., ७
बघतो काय? मला माहीत होतं. मोजणीच्या वेळी ते दगड मीच पाहिले, अठरा-वीस. आराखड्यात घेतले नाहीत. प्राचार्य एवढंच म्हणाले होते, जागा मोकळी दिसू दे. ड्रॉइंग शिकवतो मी. जे आहे ते दाखवा, असं पोरांना रोज सांगतो.

बुध., ८
प्राचार्यांना सांगितलं. माणूस वाईट नाही. मला बसायला खुर्ची दिली. मग विचारलं, शाखा नाकारली तर साठ जणांच्या घरी तुम्ही कळवाल का? इमारत सरकवू म्हटलं, तर पलीकडे ओढा. संध्याकाळी चर बाभळीपलीकडे गेला. काही निघालं का, मुकादमाला विचारवलं नाही.

गुरु., ९
समितीतल्या वयस्कर गृहस्थांनी आराखडा पसरून मलाच विचारलं, "इथं पूर्वी काही होतं?"
"माळ होता."
सोनाबाई दहा पावलांवर होती.

शनि., ३ मार्च
मान्यता आली. पोरांनी पेढे वाटले. घेतला. खाल्लासुद्धा. सोनाबाई समिती आली त्या दिवसापासून कामावर नाही. नव्या जोत्यावर पाय ठेवत नाही मी, वळसा घालून जातो. काल एका पोरानं विचारलं, सर, तिकडून का?

रवि., ४
वाडीत सोनाबाईकडे गेलो. तिनं घोंगडी अंथरली, चहा दिला. सगळं सांगितलं, आराखड्याचंही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "येक दिस दिला असता, तर पोरीला उचलून दुसरीकडं ठिवली असती." मग म्हणाली, तिथं आमची पोरं हायेत एवढं कागदावर लिहून द्या. सहीनिशी.

सोम., ५
सकाळी लिहिलं. चार ओळी. सही केली तर नोकरी जाईल. शाखाही, कदाचित.
तास चालू असताना ती शेडच्या दारात आली. धुवट पांढरं लुगडं. कोणी पाहुण्या आल्या समजून सगळी पोरं उठून उभी राहिली. कागद खिशात. ती माझ्याकडेच बघत होती, आणि मी पेन काढून कागद टेबलावर पसरला.