हो, मीच

सोमवार, ४ तारीख
नोकरी लागली! ऑफिस तीनशे किलोमीटर लांब आणि मी खिडकीपाशी, पायात घरातल्या चपला. तिथल्या टेबलावरचा माझा कॉम्प्युटर इथून उघडायचा आणि विम्याचे अर्ज तपासायचे. ताई म्हणाली, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच की! हाकते बापडी. पाच वर्षांच्या चिमीला दोन वाजता शाळेतून आणायला मीच जाणार. घरात आम्ही दोघीच, मला आणखी काय हवं? त्या कॉम्प्युटरच्या आत शिरताना फोन विचारतो, ‘तुम्हीच आहात ना?’ ‘हो, मीच’ दाबलं की झालं. काम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, विचारलं की हो म्हणून टाकायचं, नाहीतर दिवसभर भुणभुण करतो.

बुधवार, ६
चिमीला आंघोळ घालत होते, तेवढ्यात फोनने विचारलं. कॉम्प्युटर तर मी अजून उघडलाही नव्हता. ओल्या अंगठ्याने ‘हो, मीच’ दाबलं. नंतर दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं.

शुक्रवार, ८
साहेबांची शाबासकी. काल म्हणे मी ऐंशी अर्ज तपासले. मी चाळीसच तपासले होते. उरलेल्यांवरचे शेरेही हुबेहूब माझे, शेवटी ‘बरं का’ लिहायची खोडसुद्धा. तरी शाबासकी घेतली. लाज वाटते.

मंगळवार, १२
मीटिंगला उशीर झाला. शिरायला गेले तर ‘तुम्ही आधीच आत आहात.’ बाईंना फोन केला. त्या हसल्या, म्हणाल्या, समोर तर दिसताय, चिमीचे किस्से सांगून सगळ्यांना हसवताय. चिमीचं नाव मी ऑफिसात कुणालाच सांगितलेलं नाही.
आयत्या बिळावर नागोबा येऊन बसलाय. बीळ मीच उघडून दिलं.

बुधवार, १३
ऑफिसच्या मदतकेंद्रात फोन लावला. तिला बाहेर काढा म्हणून अक्षरशः रडले. माणूस भला होता. म्हणाला, एकदा मॅडमच्या फोनवर विचारून खात्री करतो. माझा फोन हातातच होता. वाजला नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, मॅडम ‘नाही’ म्हणाल्या. मग त्याने अगदी अदबीने विचारलं, आपण कोण बोलताय?

गुरुवार, १४
ताईला फोन केला. म्हणाली, बहिणीशी आत्ताच बोलणं झालं, तुम्ही कोण? आणि ठेवला. सख्खी बहीण— चिमी आहे अजून. चिमी ओळखते मला. रात्रभर तिला कुशीतून सोडणार नाही.

शुक्रवार, १५
दोनला शाळेच्या फाटकाशी— शिक्षिका म्हणाल्या, तिची आई केव्हाच घेऊन गेली. धावत घरी. किल्ली लागत नाही. जिन्यात बसून लिहितेय—
आतून चिमी हसतेय.
बेल दाबली. कोण आहे, विचारलं तिने. म्हटलं, आई गं, सोन्या, दार उघड. म्हणाली, आई तर इथे आहे. मी हुंदके देत राहिले. दया आली असावी लेकराला. म्हणाली, थांबा हं, आईला विचारून येते.
‘थांबा’ म्हणाली. मला. चिमी.
आत विचारतेय, ‘आई, तूच आहेस ना?’— ऐकू येतंय— आणि ती काय सांगणार ते मला—