बदकासाठी एक कार्ड

प्रिय चिमणे,

मागच्या आठवड्यात फोनवर तू हसलीस, म्हणालीस, आजी, तुला कशाला हवंय कंट्रोलर कार्ड? फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, आणि मीही मधेच गॅसकडे पळते. म्हणून लिहितेय. बसून वाच, उभ्याने नको.

आजोबांचा कॉम्प्युटर गेला. गेला म्हणजे धूरच निघाला. तुझ्या बाबाने कुणाचा तरी वापरलेला आणून दिला. आई, नव्यासारखा आहे, म्हणाला. असेल. पण आजोबांनी भरतकामाची जेवढी नक्षी काढली ती सगळी त्यांच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये, आणि तिची वायर रुंद, चपटी, लेंग्याच्या नाडीसारखी. या नव्यासारख्याला तशी जागाच नाही. माझ्या भरतकामाच्या मशीनची वायर जाडजूड, दोन्हीकडे स्क्रू असलेली, तिलाही जागा नाही. मला त्या डिस्कमधलं एकच हवं होतं, ते बदक. तुझ्या दुपट्यावरचं. त्या दुपट्याच्या तू ओढून ओढून चिंध्या केल्यास, नाहीतर त्यावरूनच उतरवून घेतलं असतं. बाबा म्हणतो, बदकं बाजारात ढिगाने मिळतात. मिळू देत.

दुरुस्तीवाला म्हणाला, एक कार्ड बसवा, दोन्ही वायरी चालतील. कार्ड म्हणजे हिरवी पट्टी असते गं. एक कड कॉम्प्युटरच्या आतल्या खाचेत जाते, बाकीच्या कडांना आपल्या वायरी लागतात. म्हटलं, एवढंच ना.

कसलं एवढंच. पहिलं कार्ड आणलं तर खाच आखूड आणि कार्ड लांब. परत गेले. तो दुकानातला चष्मेवाला विचारतो, आजी, तुमची खाच कुठली? जशी काही माझ्या माहेरची. आता मला नाव कुठून माहीत असणार? पण जन्मभर ब्लाउज शिवलेत. माप सांगता येत नसेल तर कागद बेतायचा. घरी येऊन खाचेवर कागद धरला, नखाने दाबून खूण उठवली, कात्रीने कापला आणि नेऊन त्याच्यापुढे ठेवला. त्याने शेजारच्या दुकानदाराला हाक मारून माझा कागद दाखवला. दोघं पोट धरून हसले. हसा बाबांनो, पण कार्ड द्या.

आणि बसलं की! खट्ट करून बसलं. मी तुझ्या बाबाला तोंड वर करून सांगितलंसुद्धा. मग वायरी लावायला घेतल्या. मशीनची लागली. डिस्कच्या नाडीला जागाच नाही. मुंढा नीट बेतला आणि मनगट विसरले. एवढ्या वर्षांचा हात, आणि मी! इतका राग आला की दुपारचं जेवण गेलं नाही. बरं, खाच एकच मोकळी, म्हणजे दुसरं कार्ड शेजारी बसवायची सोय नाही. जे काय ते एकातच हवं.

चष्मेवाल्याकडे होतं तसं, पण ते मोठ्या ऑफिसवाल्यांचं. त्याला वायरी लावायला जागाच जागा. म्हटलं, मला दोनच हव्यात, बाकीच्यांचे पैसे वजा करा. तसं होत नाही म्हणे. चार बाह्यांचा कोट शिवून द्यायचा आणि कापडाचे पैसे पुरे घ्यायचे, झालं. बाबाने कपाळावर हात मारला. आई, नाद सोड आता. तू त्याचीच लेक, तूही तेच म्हणालीस. सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलंत.

शेवटी मी दोन्ही वायरी काढल्या, कागदासकट पिशवीत घातल्या आणि पुलापलीकडच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेले. तिथल्या मालकिणीने खोकंच माझ्यापुढे सरकवलं, म्हणाली, लावून बघा तुम्हीच. एकेक कार्ड घ्यायचं, आधी कागद लावायचा, मग नाडी, मग जाड वायर. किती वेळ बसले कोण जाणे, तिचा चहा दोनदा झाला. तळाशी एक सापडलं. स्वस्त, कुणीतरी काढून टाकलेलं, कडेला काळं पडलेलं. मी म्हटलं, साबणाने धुते. ती किंचाळलीच. खोडरबराने घासायचं असतं म्हणे.

घासलं. बसवलं. तरी कॉम्प्युटर म्हणे, डिस्क सापडत नाही. दुरुस्तीवाला आला, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी भरलं, चाललं नाही, उद्या येतो म्हणून गेला आणि परवा उगवला. त्या दोन दिवसांत मी कुणाशी धड बोलले नाही, भांडी मात्र खूप घासली. काल चाललं. मशीन घरघरलं आणि बदक उमटलं, तीच जाड मान. बदकाने दुसरं बदक गिळलंय, असं मी आजोबांना म्हणायची. ते म्हणायचे, नातीला आवडलंय, तू गप्प बस.

नवं दुपटं पिवळं आहे. मऊ आहे, दोनदा धुतलंय.

हे कार्डाचं सुरू व्हायच्या आधी एकदा फोनवर तू दिसत होतीस तेव्हा चहाचा कप लांब सारलास, आणि उठताना कमरेवर हात ठेवलास. मागच्या वेळी तू सगळ्यांना आनंदाने सांगितलंस, आणि मग एकेकाला फोन करून ते दुसरंही सांगावं लागलं. म्हणून आता तू बोलत नाहीस, ते मला कळतं गं. मी काही विचारलेलं नाही, या पत्रातही विचारत नाही. बाबालाही बदक कशावर काढलं ते दाखवलेलं नाही. दुपटं माझ्या कपाटात घडी करून ठेवलंय. तुला वाटेल तेव्हा सांग. तेव्हा मी अशी चकित होईन की तुलाही खरं वाटेल.

तुझीच,
काहीच माहीत नसलेली आजी