शेवटचा नग

१९ मार्च
नागपूरहून दुरुस्तीच्या सुट्या भागांचे पार्सल आले. सकाळ त्यातच गेली, आणि मोठ्या आनंदात गेली. शाळेच्या प्रयोगशाळेतून मोडीत निघालेल्या कपाटाला छत्तीस खण आहेत. वर रेझिस्टर चढत्या क्रमाने, मधल्या ओळींत कपॅसिटर, खाली ट्रान्झिस्टर व तत्सम.
साठा करणाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : आधी काय जळते? जे तापते ते. म्हणून कपॅसिटर भरपूर घ्यावेत, बाकीचे बेताने. आणि कोणत्याही खणातला शेवटचा नग वापरू नये. तो नमुना असतो. त्याच्यावरचे क्रमांक पाहून पुढची मागणी लिहिता येते. तो गेला की खण मुका होतो. निवृत्तीनंतर हा नियम एकदाही मोडलेला नाही.
सौ. म्हणाली, "डब्यातले शेवटचे तांदूळ मी शिजवतो न जी. तुमचेच कायले राखून राहते?"

२३ मार्च
दुपारी धनराज कुंपणाची झटका मशीन घेऊन आला. दहावीला माझा विद्यार्थी होता. जंगलाच्या कडेला शेती, उन्हाळी धान लावले आहे. कुंपणाच्या तारेत झटका येत नाही, रानडुकरे रोज आत.
उघडून पाहिले. थायरिस्टर जळाला आहे. हा भाग म्हणजे नळाची तोटी. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज दर सेकंदाला एकदाच, क्षणभर तारेत सोडतो. धनराजला कागदावर आकृती काढून समजावले. त्याने मान डोलावली.
खण क्र. २२. एकच नग.
त्याला सांगितले, हा भाग शिल्लक नाही, पुढच्या पार्सलात येईल, आठ-दहा दिवस. माझ्या हिशेबी 'शिल्लक' म्हणजे नमुना वगळून. त्याला हे सांगितले नाही.
तो हसत म्हणाला, "सर, तुमच्या घरी दुकानापेक्षा जास्त सामान आहे, अन् माह्याच मशीनचं नाही?" मीही हसलो. मशीन ठेवून घेतली, नेहमीप्रमाणे तिला चिठ्ठी बांधली : नाव, तारीख, दोष.

२६ मार्च
मागणीच्या यादीत चौदा वस्तू. वीस झाल्या की पाठवायची.
नाकाडोंगरीच्या बस थांब्यावर धनराज भेटला. धानाची अर्धी बांधी डुकरांनी लोळवली म्हणाला. "तोवर काही जुगाड लावून द्या न जी." जुगाड म्हणजे कुंपणाला थेट लाइन, आणि तो का करू नये ते मी तिथेच उभ्याने त्याला सविस्तर सांगितले. वर्गात ऐकायचा तसाच ऐकत राहिला, माझ्या तोंडाकडे पाहत. मग बस आली.

२९ मार्च
जनाबाई गेली. आमच्या शाळेत खिचडी शिजवायची, ती.
उजाडायच्या आधी मोहफुले वेचायला निघाली होती. वाट धनराजच्या बांधावरून. त्याने खांबावरून आकडा टाकून थेट लाइन कुंपणाला दिली होती. पहाटे काढून घेणार होता, डोळा लागला. पहिली हाक त्यानेच मारली, तार त्यानेच काढली, आणि लोक येईपर्यंत तिथेच बसून राहिला. पोलीस त्याला घेऊन गेले.
टोपली तशीच, रिकामी. वेचणे सुरूसुद्धा

३० मार्च
काल वाक्य अर्धे राहिले. राहू दे.
धनराजला जे सांगितले ते इथे पुन्हा लिहितो. मशीनच्या झटक्याने स्नायू आखडतो, पण दुसरा झटका येईपर्यंत जवळजवळ पूर्ण सेकंद मोकळा असतो. त्या सेकंदात हात सुटतो, जनावर मागे सरते, माणूसही. थेट लाइनीत तो मोकळा सेकंद नसतो. हात सुटत नाही.
तो सेकंद ज्या भागामुळे मिळतो तो खण क्र. २२ मध्ये होता. आज उघडून पाहिला. आहे.

१ एप्रिल
धनराजची बायको रेखा आली. पाणीसुद्धा घेतले नाही. पोलिसांनी मशीनबद्दल अजून विचारलेले नाही म्हणाली.
"सर, मशीन सुधरवून द्या. कुंपनाले हेच लागली होती, लाइन नोहोती, असं सांगू. तुम्ही फक्त ते चिठ्ठी काढून टाका."
मी म्हणालो, मशीनने माणूस मरत नाही, डॉक्टरांना ते कळेल. म्हणाली, "ते मले नोका शिकवू जी. चिठ्ठी काढता का नाही, तेवढं सांगा."
पाहतो म्हणालो.

२ एप्रिल
जनाबाईची मुलगी सुनीता. धनराजच्याच वर्गातली. दारातच उभी राहिली. मशीन मागे टेबलावर होती. मी मशीनच्या आड येईन असा उभा राहिलो, नकळत म्हणता येणार नाही.
"सर, रेखा म्हन्ते कुंपनाले मशीन होती. होती का?"
सांगितले, पोलीस तपास करतील.
"मी पोलिसाले नाही विचारून राहिली. तुम्हाले विचारून राहिली."
विज्ञानात तिला नेहमी पैकीच्या पैकी असत. मी टेबलापुढून हललो नाही. मग तिने चप्पल घातली.
सौ. आतून ऐकत होती. जेवताना एवढेच म्हणाली, "शिकवनं सोपं आहे तुम्हाले."

४ एप्रिल
उद्या स. १० ला पोलीस ठाण्याचे जमादार जबाब घ्यायला येणार. मशीन माझ्याकडे दुरुस्तीला आली होती, एवढे त्यांना कोणीतरी सांगितले आहे.
खण उघडला. शेवटचा नग काढला आणि बसवला. आठ मिनिटे लागली, पुसून, तपासून. मशीन चालू झाली. दर सेकंदाला टक्, टक्.
हे कशासाठी केले? रेखासाठी, असे लिहिले असते, पण रेखाला दिलेली नाही. चिठ्ठी अजून बांधलेली आहे : धनराज, २३ मार्च. बाजूला कात्री. चिठ्ठी राहिली तर धनराजचा बचाव संपला. कापली तर सुनीताच्या तोंडावर खोटे बोलावे लागेल.
खणाबद्दल मात्र मला कोणीही विचारलेले नाही. उद्याही विचारणार नाही. विचारायचे कोणाला सुचेल? आणि पाहिलेच, तर खण क्र. २२ रिकामा आहे. धनराजला जे सांगितले होते ते आज खरे झाले.
सौ. दारात उभी आहे. "बंद करा न ते जी," म्हणते.
बंद केले नाही अजून.