पुढच्या गॅलरीतली दोरी

प्रिय इंदू,

नावानं हाक मारली म्हणून हसू नकोस. तू होतीस तोवर "अगं" आणि "ऐकलंस का" एवढ्यावरच आपला संसार झाला. सुभाष रोडवरचं आपलं कापडाचं दुकान दुपारपुरतं बंद केलंय आणि गादीवर बसून हे लिहितोय. वर तुझी शैला आणि तिची लेक झोपल्यात. होय, मुलगी झाली! आजी झालीस तू! आणि मोरीत बादलीभर लंगोट भिजत पडलेत. ते मलाच धुवायचेत. पण तुझ्याशी बोलल्याशिवाय त्या बादलीत माझा हात जाईना, म्हणून आधी पत्र.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीतच आहे. पण आई नसलेल्या माहेरी कोण पाठवतंय? शैलाला आणायला हुबळीला गेलो, तर विद्यानगरच्या विहीणबाई स्पष्टच म्हणाल्या, "तुमच्याकडं बाईमाणूस नाही, अण्णा. इथंच होऊ दे." त्यांचं काय चुकलं? मी मान डोलावून चपला घालत होतो. तेवढ्यात शैला पिशवी घेऊन बाहेर आली. "मी अप्पांबरोबर धारवाडला जाणार," म्हणाली. तुझाच हट्ट! बसमध्ये मी तिला म्हटलं, "अगं पोरी, मला यातलं काय येतंय?" तर म्हणते कशी, "आईच्या जुन्या लुगड्यांचे लंगोट करू. मग आई आहेच की घरात."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. इंदू, लुगडी कुठं होती?

तू गेलीस, दिवस झाले, पाहुणे गेले. तुझी ट्रंक उघडी दिसली की मला घरात बसवत नसे. "गेलेल्या माणसाचं काही ठेवू नये," असं आमची थोरली अक्का म्हणाली आणि मला निमित्तच मिळालं. बोहारीण गल्लीतून ओरडत चालली होती, तिला वर बोलावलं. इरकली लुगडी, सुती पातळं, नेसून नेसून मऊ झालेली, सगळं गाठोडं तिच्यापुढं टाकलं. तिनं एक स्टीलचं पातेलं पुढं सरकवलं. जन्मभर गिऱ्हाइकाशी घासाघीस करणारा मी, ते मुकाट्यानं घेतलं आणि फळीवर ठेवलं.

घरी आल्या आल्या शैलानं ट्रंक उघडली. "आईची लुगडी कुठायत, अप्पा?" मी फळीकडं बघितलं. पोरीनं पातेलं खाली काढलं, उलटसुलट करून पाहिलं, परत जागेवर ठेवलं. "चहाला बरं आहे," एवढंच म्हणाली आणि तोंड धुवायला मोरीत गेली. बराच वेळ नळ चालू होता. तू असतीस तर मला चार शब्द सुनावले असतेस ना? तिनं सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं.

बाळ झालं, दवाखान्यातून घरी आलं. आपली शेजारीण पार्वतक्का न्हाऊमाखू घालायला आली. मोरीतूनच ओरडली, "अण्णा, हळे अरिवी तगोंड बर्री!" जुनं कापड घेऊन या म्हणत होती बिचारी. पण कापडवाल्याचा कान! 'हळे' हवेत गेलं, 'अरिवी' तेवढं ऐकू आलं. मी धावत खाली आलो, वरच्या कप्प्यातलं उंची मलमलीचं ठाण काढलं, टर्रकन दोन वार फाडून वर नेलं. माझी छाती केवढी फुगली होती म्हणून सांगू! पार्वतक्कानं ते बोटांत चुरून बघितलं आणि माझ्याच अंगावर फेकलं. "खळ आहे की हो ह्यात! कूसु, एवढंसं बाळ, सोलून निघंल. बारशापर्यंत लेकराला नवं घालत नाहीत, एवढंबी ठाव नाही?"

खाली ठाणांची रास छपराला लागलेली आणि वर नातीच्या ढुंगणाला एक चिंधी नाही! असा दुकानदार बघितलास का कुठं?

आणि 'चिंधी' म्हटलं, तसा जिभेला चटकाच बसला. हा शब्द मी तुला ऐकवला होता. आठवतं ना? तुला आठवत असणारच.

आपल्या लग्नाला दहा वर्षं होत आली तरी पाळणा हलला नव्हता. मग सत्तरच्या सुमारास शैला झाली. माझ्या आईच्या जुन्या लुगड्यांचे तू लंगोट शिवलेस, तिकोनी, बारीक नाडी लावून. आणि पहिल्याच आठवड्यात पुढच्या गॅलरीत, ऐन दुकानाच्या पाटीवर दोरी बांधलीस. त्या दिवशी मी एका साहेबांच्या बायकोला साडी दाखवत होतो. उजेडात रंग बघायला बाई पायरीवर गेल्या, वर बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. झालं! मी तडक वर आलो. "कापडाच्या दुकानावर चिंध्या लोंबकळताहेत! गिऱ्हाईक काय म्हणेल?"

तू म्हणालीस, "चिंध्या नव्हेत हो, तोरण लावलंय. दिसू दे की रस्त्याला."

"मागं वाळत घाल."

"मागं गोदामाची भिंत आहे. ऊन समोर आहे. उन्हाला कसली लाज?"

मी खाली गेलो, दुकानाची कात्री आणली आणि दोरी कापली. लंगोट खाली रस्त्यावर पडले, एक तर टांग्याच्या चाकाखाली गेला. ओली बाळंतीण तू, खाली आलीस, एकेक गोळा केलास आणि वर गेलीस. मी त्या बाईंची साडी बांधून दिली. काय माणूस होतो गं मी!

त्यानंतर सगळं मागच्या अंधारात. त्यात धारवाडची ती झड, एकदा लागली की आठ-आठ दिवस कापड सुकत नाही. तू शेगडी पेटवायचीस, वर वेताची टोपली पालथी घालायचीस आणि टोपलीवर एकेक लंगोट पसरून वाळवायचीस. धुरानं घर भरायचं. मी चहाला वर यायचो, तुझे डोळे लाल. "काय झालं?" "काही नाही, धूर." मी चहा पिऊन खाली जायचो. पुढं तुला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही. डॉक्टरांना काय, ते म्हणतील. माझ्या मनातून तो धूर जात नाही.

बरं, अक्कल तरी आली का? मुंबईहून प्लास्टिकच्या चड्ड्यांचा माल आला, तेव्हा मी रुबाबात एक वर घेऊन आलो. "हे घाल. ना धुणं, ना वाळवणं. कापडवाल्याची लेक शोभली पाहिजे!" तू तासभर घातलीस. पोरीच्या मांड्या लालेलाल झाल्या. दुसऱ्या दिवशी जेवताना बघतो तर ती चड्डी लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेली! मी काही विचारायच्या आत तू म्हणालीस, "मुंग्या शिरत नाहीत. माल चांगला आहे तुमचा." तेव्हा मला राग आला होता. आता एकटाच जेवताना त्या बरणीकडं बघून हसतो.

परवा पार्वतक्काला हे सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल, जाऊ द्या हो, जुनी गोष्ट. तर ती बाळाला तेल लावता लावता थांबली. "दोरी कापली त्या दिवशी इंदक्का माझ्या स्वैपाकघरात बसून रडली," म्हणाली. "उन्हाचं नव्हतं ते, अण्णा. दहा वर्षं तिला कुणी डोहाळजेवणाला बोलावलं नव्हतं. वांझ म्हणून. त्या सगळ्या बायका ह्याच रस्त्यानं बाजाराला जायच्या. त्यांनी एकदा वर बघावं, एवढंच होतं तिचं."

इंदू, हे तू मला का सांगितलं नाहीस? सांगितलंस की. 'दिसू दे की रस्त्याला' म्हणालीस. मलाच ऐकू आलं नाही. जसं परवा 'हळे' ऐकू आलं नाही, तसंच.

तर लंगोटांचं पुढं काय झालं ते ऐक. मलमल परत खाली नेली आणि घरभर जुनं कापड शोधत सुटलो. कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझी जुनी धोतरं सापडली. तू गेल्यापासून माझी धोतरं परटाकडं जातात, खळ घालून पत्र्यासारखी कडक येतात. ही त्याआधीची, तुझ्या हातची. घडीसुद्धा तूच घातलेली. एक उचललं, तर हातात काही आहे असं वाटेना, इतकं मऊ. ही धोतरं मी याच दुकानातनं वर नेली होती, नवी, करकरीत. मग मऊ कुणी केली? रोज त्या मोरीतल्या दगडाशी कोण बसत होतं? सगळी लुगडी बोहारणीला दिली आणि तुझ्या हातचं काही उरलं नाही म्हणून रडत होतो, आणि हे जन्मभर कमरेला गुंडाळून हिंडलो!

तेच धोतर फाडायला घेतलं. शैलानं तुकडा घेतला, गालाला लावला आणि विचारलं, "हे आईनंच धुतलेलं ना?" मी हो म्हटलं. मग दोघंही बसलो रडत. बाळ वेगळ्याच कारणानं रडत होतं.

लंगोट बांधायला मात्र मला अजून येत नाही. डोळे मिटून ठाणाची घडी घालणारा माणूस मी, पण बाळानं पाय झाडले की तिकोन सुटून माझ्याच हातात येतो. शैला पोट धरून हसते. तिला टाके आहेत, हसू नकोस म्हणून ओरडावं लागतं. स्वतःच्या लेकीला एकदा तरी बांधला असता तर आज ही वेळ आली नसती.

आता दुकान उघडायची वेळ झाली. इथं गादीजवळ नवी दोरी आणून ठेवलीय. तुला शब्द देतो, ऐक. बादलीतले लंगोट मी आता माझ्या हातानं धुणार, तुझ्याच दगडावर. आणि पुढच्या गॅलरीत, पाटीच्या बरोबर वर, भर बाजाराच्या वेळी वाळत घालणार. दिवाळीचं गिऱ्हाईक आलं तरी ती दोरी उतरणार नाही आणि ती कात्री परत वर येणार नाही. कुणी मान वर करून विचारलं, "हे काय हो लोंबतंय दुकानावर?" तर सांगेन, आमच्या इंदूनं लावलेलं तोरण आहे, मध्ये मी काढलं होतं.

तुझा अपराधी,
शैलाचे अप्पा