बांगड्याचा दुसरा अर्धा

आई,

तुला आणि आप्पांना रत्नागिरीहून जयभीम. मी बरी हाय, जेवण येळेवर हाय. फोनवर सांगत न्हाय, कारण आमच्या मासे तपासायच्या लॅबमध्ये भिंतीलाबी कान हायत.

वहिनीला कितवा महिना लागला? तिला नुसत्या खाऱ्या बांगड्यावर ठेवू नको. समुद्र तापलाय, पाणी आंबट व्हायलंय. मासे जे खातात तेच निकस झालंय, म्हणून बाळाच्या मेंदूला लागणारं माशातलं तेल घटलंय. जवसाची चटणी, अंडी दे.

हे मी तीन वर्षं मासे तपासून लिहिलं. लॅबच्या साहेबांनी माझा कागद फाडला, जुनेच आकडे वर पाठवले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सोलापूरच्या पोरीला माशातलं काय कळतंय?"

 पण आमी मासा उभा चिरून अर्धाच तपासतो. दुसरा अर्धा फ्रीजरमध्ये ठेवतो, चिठ्ठीवर साहेबांची सही घेऊन. साहेब ते विसरले. सोमवारी वरची माणसं तपासणीला येतील, तवा ते सगळे अर्धे टेबलावर मांडून त्यांच्यासमोर पुन्हा तपासणार. निघालेले आकडे साहेबांनाच वाचायला लावणार.

तू म्हणशील, माफ कर. करीन की, त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवल्यावर.

तुझीच,
धम्मप्रिया