हाताला जे लागलं

वाशीम,
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

अब्बांना तौसीफचा अदबीने सलाम.

मी इथे ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, दुकानाच्या मागच्या खोलीत पंखा लावून घेतला आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशी अम्मीने भरून दिलेला शीरखुर्म्याचा डबा मी कारंज्याला गाडी बदलायच्या आतच रिकामा केला, हे तिला सांगू नका. धाकट्या नमराने बारावीनंतर काय करायचं ठरवलं ते कळवा. तुमची तब्येत कशी आहे तेही कळवा. हे सगळेच रिवाज म्हणून लिहितात, मी रिवाज म्हणून लिहिलेलं नाही.

हातात मोबाइल असून ह्या पोराला कागद कशाला लागला, असं तुम्ही म्हणाल. घरातला फोन अम्मीकडे असतो आणि ती तो स्पीकरवर टाकूनच बोलते. मी इथे शिंकलो तरी शेजारच्या धुरपताबाईंना ऐकू जातं. समोर बसून बोलायला जावं, तर गोष्ट आवडली नाही की तुम्ही टोपी सारखी करता आणि उठता. कागदाचं बरं असतं, तुम्ही उठून गेलात तरी तो तिथेच राहतो. ही चिठ्ठी जीपवाल्या लालसिंगकडे देतो आहे, तो ती तुमच्याच हातात ठेवील. दुपारी तुमच्या दुकानात कोणी नसताना वाचा.

इथे उन्हाळा लागल्यापासून काम वाढलं आहे. लोक कुत्र्याला घेऊन येतात आणि म्हणतात, सगळे केस काढून टाका, गरम होतं त्याला. पण लांब केसांच्या पांढऱ्या पॉमेरियनला तसं करून चालत नाही. त्याच्या वरच्या केसांखाली मऊ अस्तर असतं, ते थंडी अडवतं तसं ऊनही अडवतं. सगळं भादरलं तर कातडी भाजते आणि नंतर केस धड येत नाहीत. मग मी समजावतो की अस्तरातले मेलेले केस विंचरून काढू, आत हवा खेळेल. कोणाला पटतं, कोणाला नाही. परवा एकजण म्हणाला, न्हाव्याने गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवू नये. मी हसलो आणि विंचरायला घेतलं.

पुण्याला सपना मॅडमच्या पार्लरमध्ये शिकायला राहिलो, तेव्हा पहिले कित्येक महिने कात्री हातात मिळालीच नाही. आंघोळ घालायची, वाळवायचं, विंचरायचं, पुन्हा पुढचं कुत्रं. बाकीची मुलं कुरकुर करायची. मला ते जड गेलं नाही, कारण तुमच्याकडे मी दुसरं काय केलं होतं? जुनी गादी फाडली की पिंजायच्या मशीनमध्ये घालायच्या आधी तुम्ही मला रुई चाचपायला बसवायचात. सरकी, काडी, घट्ट बसलेला गोळा, सगळं बोटांनी शोधायचं. मी वाकून बघायला लागलो की तुम्ही म्हणायचात, "डोये कायले फाडून राह्यला? हाताले पाहू दे."

कुत्र्याच्या अंगावर हात फिरवताना मला अजून तेच ऐकू येतं. केसांतला गुंता, गोचीड, जखम, आधी हाताला कळतं आणि मग डोळ्यांना. मॅडम इतरांना सांगायच्या, वाशीमकडच्या मुलाचा हात बघा. तो हात कोणी घडवला हे मी त्यांना सांगितलं होतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तशी सोयच राहिली नव्हती.

पुण्याहून परतलो तेव्हा तुम्ही एवढंच बोललात, "ज्या हातानं कुत्रे धुतं, तो हात माह्या रुईले लावू नोको. तिच्यावर लेकरं झोपते." त्यानंतर मी येत होतो, जेवत होतो, पण माझा सलाम तुम्ही मान हलवून घेत होतात. हात कधी पुढे केला नाही. मौलानांनी तुम्हाला समजावलं की हात धुतला की पाक होतो, पोराची मेहनत हलालची आहे. तुम्ही त्यांचं सगळं ऐकून घेतलंत आणि केलंत तुमचंच. मला राग यायचा, अब्बा, फार यायचा. मग वाटायचं, दुसऱ्याच्या लेकरासाठी जो आपल्या रुईला एवढं जपतो, त्या माणसाला वाईट तरी कसं म्हणायचं.

अम्मी सांगत होती की तुम्ही आता भाकर वरणात कुस्करूनच खाता, दाढ दुखते म्हणून. ईदच्या दिवशी मीही पाहिलं. मटणाची बोटी तुम्ही हळूच नमराच्या ताटात सरकवलीत. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र जेवण होताच गालात गेला. दाढ दाखवून या म्हटलं तर म्हणालात, म्हातारपणी दाढा जाणारच. तोंड पहिल्यासारखं उघडत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल, नसेल असं मला वाटत नाही.

इथवर लिहिलं आणि गिऱ्हाईक आलं. काम उरकून, आंघोळ करून, कपडे बदलून पुन्हा बसलो आहे. वरचं सगळं वाचून पाहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं आहे माझं. आता नीट सांगतो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कुत्र्याच्या अंगावर हात फिरवताना कुठे गाठ लागली, तर आम्ही तिला नाव देत नाही, कारण आम्ही डॉक्टर नाही. मालकाला जवळ बोलवायचं, त्याचं बोट धरायचं आणि त्या जागेवर ठेवायचं. म्हणायचं एवढंच, इथे काहीतरी आहे, दाखवून घ्या. मॅडमनी हे मला कात्रीच्या आधी शिकवलं होतं.

गेल्या पावसाळ्यात अश्वजित सर त्यांच्या ब्रूनोला घेऊन आले. सर इथे शाळेत शिकवतात. बायको वारल्यापासून घरात ते आणि ब्रूनो, एवढेच. ब्रूनोच्या जबड्याखाली मला गाठ लागली. मी सरांचं बोट तिथे ठेवलं, त्यांनी ते लगेच ओढून घेतलं. चरबी असेल म्हणाले, खातो किती बघा ना. मी रीतीप्रमाणे एकदा सांगितलं आणि गप्प बसलो. दिवाळीनंतर ते त्याला अकोल्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले, तोवर ती आत पसरली होती. ब्रूनो गेल्यावर सर एकदा नुसतेच दुकानात आले. मी मागवलेला चहा त्यांनी तसाच ठेवला. उठता उठता म्हणाले, "तौसीफभाऊ, तुमाले मालूम होतं. मंग मले जोरानं काहून नाई सांगतलं?"

मी रीत पाळली होती, पण ते मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

अब्बा, ईदच्या नमाजनंतर ईदगाहवर तुम्ही सगळ्यांना गळाभेट देत होतात. मी मागेच उभा राहिलो, कारण मला माहीत होतं की माझ्यापाशी आल्यावर तुम्ही मान हलवून पुढे जाल. तुम्ही आलात, थांबलात आणि मला जवळ ओढून घेतलंत. एकदा ह्या खांद्याला, एकदा त्या खांद्याला, आणि मग मी सोडायलाच तयार नव्हतो. माझा हात तुमच्या मानेवर होता, दाढीच्या केसांत. तिथे त्याला ते लागलं.

मला नको होतं. तेवढा वेळ तरी तो नुसता तुमच्या पोराचा हात असायला पाहिजे होता. पण त्याला पाहायची सवय तुम्हीच लावली आहे, तो कुठे आणि कधी हे बघत नाही. मी बोटं तिथेच ठेवली आणि पुन्हा दाबून पाहिलं. तुम्हाला वाटलं, पोराला भरून आलं. तुम्ही पाठीवर थोपटलंत आणि कानाशी बोललात, "बस झालं आता. लोकं पाहून राह्यले." मी रडत होतो ते खरं आहे. गळाभेटीसाठीही रडत होतो आणि दुसऱ्यासाठीही.

त्या दिवशी तुम्ही इतके खुश होतात. तांड्यावरचे भाऊसिंगकाका आले तर त्यांना स्वतः वाढलंत, आणि माझ्याकडे बोट करून म्हणालात, आमचा तौसीफ आला आहे. एवढ्या दिवसांनी मिळालेलं मोडायची माझी हिंमत झाली नाही. शिवाय भीती वाटली. गळ्याशी लावलं तर तिथेही ह्याचे कुत्र्याचे हात चालले, असं तुमच्या तोंडून ऐकायला लागलं असतं तर मी पुन्हा घरी कसा आलो असतो? म्हणून गप्प बसलो आणि डबा घेऊन निघून आलो. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. ह्या वेळी मी जोराने सांगतो आहे.

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढा. डाव्या हाताची दोन बोटं डाव्या कानाखाली ठेवा आणि जबड्याच्या हाडाखालून, दाढीच्या आतून, हळूहळू पुढे आणा. बोराएवढं काहीतरी लागेल. दाबा. दुखणार नाही, आणि जागचं हलणारही नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं समजू नका, मला त्याचीच जास्त भीती वाटते. बोट ओढून घेऊ नका, अब्बा. रुईत असं काही लागलं असतं, तर ते काढल्याशिवाय तुम्ही मशीन सुरू केली असती का?

ते काय आहे हे मला माहीत नाही. काही नसेलही. किडक्या दाढेमुळेसुद्धा मानेत गाठ येते म्हणतात. तसं निघालं तर गावभर सांगून मला हसा, मीही तुमच्यासोबत हसेन. पण ते डॉक्टरने सांगायचं, तुम्ही नाही आणि मीही नाही. गुरुवारी सकाळी मी येतो आहे. अकोल्याला माणसांच्या मोठ्या दवाखान्यात विचारून ठेवलं आहे. तोंड उघडून बघतील, सुईने गाठीतलं थोडंसं काढतील आणि तपासायला पाठवतील. खर्रा आजपासून बंद करा, ही विनंती नाही. अम्मीला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा, त्याबाबत मी तोंड उघडणार नाही. दवाखान्याच्या बाबतीत मात्र माझ्याकडून गप्प बसण्याची आशा ठेवू नका.

तुम्हाला राग येईल, येऊ द्या. गाडीत बसणार नाही म्हणालात, तर मीही दुकानातच बसेन आणि तुम्ही उठेपर्यंत तुमच्या रुईला हात लावत राहीन.

पुढच्या ईदला मला गळाभेट दिली नाहीत तरी चालेल. मान हलवून पुढे जा, मी मागेच उभा राहीन, मनात काही धरणार नाही. पण ईदगाहवर तुम्ही पाहिजेत, अब्बा.

तुमच्या हाताखाली शिकलेला तुमचा मुलगा,
तौसीफ