पावणेचोपन्न इंच

३ मे. सकाळी ७.

चिमीची उंची घेतली. पावणेचोपन्न इंच. मागच्या वर्षी शाळेच्या तपासणीत साडेत्रेपन्न होती. म्हणजे अकरा वर्षांच्या माझ्या लेकीची वर्षभरातली वाढ पाव इंच! माप चुकणं शक्य नाही. पंचवीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतोय, याच टेपवर. एकही गणवेश परत आलेला नाही. चिमीच्या कपड्यांची मापं तर ती चार दिवसांची असल्यापासून मीच घेतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

बायको म्हणाली, अहो, चांगली वाढतेय की. मी चिमीच्या स्कर्टकडे बोट दाखवलं. शिवला तेव्हा गुडघ्यावर होता, आजही गुडघ्यावरच आहे. ती काहीतरी सांगणार होती, पण पुरावा दिल्यावर मी ऐकत बसत नाही.

५ मे.

सलूनमध्ये मासिक वाचलं. सगळा खेळ हार्मोन्सचा आहे. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यातून ग्रोथ हार्मोन सुटतं. सगळ्यात जास्त गाढ झोपेत. पुढचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं, पण मुद्दा कळला. आता मी जातीने लक्ष घालणार. महिन्याभरात दोन इंच.

६ मे. रविवार.

झोप-योजना सुरू. दुपारी जेवण झाल्यावर चिमीला झोपायला लावलं आणि पहाऱ्यासाठी दारात खुर्ची टाकून बसलो. साडेपाचला जाग आली. चिमी पुस्तक वाचून संपवून मैत्रिणीकडे खेळायला गेली होती. बायको म्हणाली, हार्मोन तुम्हालाच मिळालं, पण तुमची वाढ आडवीच होणार.

९ मे.

व्यायामानेही हार्मोन वाढतं, असं सलूनवाला म्हणाला. (पान त्यानेच फाडलं असणार.) चिमीला दुकानात बोलावलं आणि कपडे टांगायच्या लोखंडी दांडीला लोंबकळायचं कसं, ते स्वतः करून दाखवलं. दांडी, मी आणि इस्त्री केलेले सतरा गणवेश एकदमच खाली आलो. भिंत कच्ची आहे. चिमी पोट धरून हसली. मग एकाएकी रडायला लागली, घरी गेली आणि दार लावून बसली. कोणी काही बोललंही नव्हतं.

१४ मे.

चिमी हल्ली फार चिडते. तासभर आरशासमोर असते. जेवते माझ्या दुप्पट. चार महिन्यांपूर्वीचे बूट चावतात म्हणे. हार्मोनची कमतरता, दुसरं काय! बायको म्हणाली, अहो, ती मोठी होतेय. मी म्हटलं, मोठी होत असती तर टेपवर दिसलं नसतं का? ती उठून भाकऱ्या करायला गेली. मुद्देसूद बोललं की तिला नेहमी काम आठवतं.

१९ मे.

सकाळी पावणेचोपन्न. संध्याकाळी साडेत्रेपन्न! पोरगी घटतेय! लहानपणी बुटका म्हणून वर्गात पहिल्या बाकावर मी काय काय ऐकून घेतलं, ते माझं मला माहीत. ते तिच्या वाट्याला येऊ नये, एवढंच मागणं आहे. डॉक्टरांची वेळ घेतली.

२१ मे. दुपारी १.

डॉक्टरीणबाईंच्या नर्सने चिमीला भिंतीवरच्या लोखंडी पट्टीला उभं केलं. पावणेछप्पन्न इंच. मी म्हटलं, तुमची पट्टी बदला. माझा टेप काढून दिला. नर्सने तो पट्टीला लावला. माझा साठावा इंच त्यांच्या सव्वाबासष्टवर गेला. मी म्हटलं, एसीमध्ये लोखंड आकसतं. नर्सने टेप गुंडाळून माझ्या हातात दिला.

बाई म्हणाल्या, कापडी टेप वर्षानुवर्षं ओढला की ताणतो. संध्याकाळी सगळ्यांचीच उंची थोडी कमी भरते. मुलीची सगळी हार्मोन्स वेळेवर आपापल्या कामाला लागली आहेत. या वयात मुली अशाच झपाट्याने वाढतात, चिडतात, रडतात. औषध काही नको, फक्त तिच्या मागे लागू नका.

पण मग एकही गणवेश परत कसा आला नाही? रिक्षात बायकोने सांगितलं. मापही त्याच टेपने, कापडही त्याच टेपने. दोन्ही चुका सारख्या, म्हणून बरोबर बसतं. याला मी माझी पद्धत म्हणेन. आणि स्कर्ट? त्याची आतली दुमड तिने वर्षात दोनदा उसवून सोडली होती. मला का नाही सांगितलं? तर म्हणे, तीनदा सांगायला आले होते.

असो. लेक वाढतेय! आनंदाने सलूनवाल्यालाही सांगून आलो.

२ जून.

नवा टेप आणला. नव्या गणवेशासाठी चिमीला हाक मारली. ती आली आणि आईच्या मागे उभी राहिली. मग खाली बघत म्हणाली, बाबा, आता माझी मापं आई घेईल. मी म्हटलं, हो हो, बरंच झालं, माझं काम कमी झालं. बायकोने आतल्या खोलीत मापं घेतली आणि चिठ्ठी आणून दिली.

वाईट वाटलं. फार नाही.

दुकानात येऊन गणवेश शिवायला घेतला. एक बाही उलटी बसली. उसवली. पुन्हा उलटीच बसली.